अक्षराला किती पडतात

"चोर आहेस तू! भरदिवसा लुटतोस!"

गिरणीअण्णांनी रिचार्जवाल्याच्या टेबलावर हात आपटला, तशी बाजारातली निम्मी माणसं हातातलं काम टाकून गोळा झाली. फुकटचा तमाशा कोणाला नको असतो? वारा सुटला होता. नांगरून टाकलेल्या रानांची माती उडत बाजारापर्यंत आली होती आणि प्रत्येकाच्या दातांखाली करकरत होती.

मी तिथं होते ती अण्णांचे कान म्हणून. तीस वर्षं गिरणीच्या खडखडाटात गेली, आता त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. उजव्या कानाशी तोंड नेऊन मी बोंबलले की तेवढं आत जातं. शेजारधर्म म्हणायचा. नवरा गेल्यापासून मला तरी ओरडायला दुसरं कोण राहिलंय?

"अण्णा, हळू बोला," मी त्यांच्या कानात ओरडले. "त्याला ऐकू येतं!"

माणसं हसली. अण्णा हसले नाहीत.

"परवा पैसे भरले," ते म्हणाले, "दोन शब्द लिहिले नाहीत तोवर खलास! मी काय येडा आहे? एकेक अक्षर मोजून लिहितो मी."

रिचार्जवाला वैतागून म्हणाला, "मावशी, अक्षर मोजून म्हणजे? ह्यांना विचारा तरी."

हे अण्णांना विचारण्याआधी तुम्हाला थोडं सांगायला हवं. अण्णांना एकच मुलगी. आई लहानपणीच गेली, पोर गिरणीतच वाढली, पिठानं माखून. दोन वर्षांपूर्वी तिला शहरात नोकरी लागली. अण्णा म्हणाले, जायचं नाही. ती म्हणाली, जाणार. शब्दानं शब्द वाढला आणि ती गेली. पण पोर मायाळू. बापाला फोनवर ऐकू येणार नाही, म्हणून जाता जाता त्यांच्या जुन्या बटनांच्या फोनात चॅट घालून, कसं लिहायचं ते शिकवून गेली. नवा फोन ती घेऊन देत होती, पण त्याच्या काचेवर अण्णांची पिठाची बोटं चालेनात. बटन कसं, दाबलं की दाबलं.

मी कानात विचारलं, तसा अण्णांनी फोन पुढे केला. "हे बघ. लिहायला घेतलं की कोपऱ्यात सत्तर दिसतात. एक अक्षर लिहिलं की एकोणसत्तर. 'बरं' लिहिलं की सदुसष्ट, अनुस्वाराचासुद्धा एक कापतात. झाले ना पैसे कमी? खोडलं तर परत मिळतात, तेवढी कंपनी प्रामाणिक आहे. मधे तूच खातोस!"

रिचार्जवाल्यानं कपाळाला हात लावला. मग टेबलावरून निम्मा पुढे येऊन तो अण्णांच्या कानात असा ओरडला, की पलीकडच्या लोहाराचा घणसुद्धा क्षणभर थांबला.

"अण्णा! ते पैसे नाहीत! किती अक्षरं मावतील त्याचा आकडा आहे तो! ह्या जुन्या फोनवर चॅट साध्या मेसेजनं जातं! मेसेजला दर! एक अक्षर लिहा नाहीतर सत्तर लिहा, दर तोच!"

"मग बॅलन्स जातो कुठं?"

"ह्या चॅटमध्ये आलेल्या मेसेजलाही पैसे पडतात! पोरगी तुकडे तुकडे पाठवत असणार! 'अण्णा' एक मेसेज, 'जेवलात का' दुसरा, 'काय जेवलात' तिसरा! वर ती चॅट उघडून बसली की 'आली' म्हणून एक निरोप, गेली की 'गेली' म्हणून दुसरा! त्याचेही कापतात! थांबा, ते निरोप बंदच करून टाकतो!"

त्यानं फोन हातात घेतला आणि बटनं दाबत गेला. मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "मावशी, हे बघा जरा."

मी डोळे बारीक करून वाचलं. दोन वर्षांचं बोलणं होतं ते. पोरीनं लिहिलं होतं, नवी खोली घेतली, खिडकीतून झाड दिसतं. अण्णांचं उत्तर, 'बरं'. चार दिवस ताप होता, कोणी बघायला नव्हतं. उत्तर, 'औषध'. अण्णा, अजून रागावलात का? 'नाही'. दोन महिन्यांपूर्वीचं शेवटचं होतं, 'तुम्हाला जड जात असेल तर नाही लिहीत.' त्यालाही उत्तर, 'बरं'.

त्यानंतर पोरीचा शब्द नव्हता. नुसतं 'आली', 'गेली', 'आली', 'गेली'.

मी अण्णांच्या कानाशी गेले. "अण्णा, ह्याला 'बरं' कशाला लिहिलंत हो?"

"माझ्या पैशाची काळजी करतेय असं वाटलं," अण्णा म्हणाले. "शहाणी आहे पोर, असं वाटलं."

गोळा झालेली माणसंही आता हसत नव्हती, एकेक करून पांगली. मग अण्णांनी विचारलं, "म्हणजे 'बरं'ला जेवढे पडले तेवढ्यातच सगळं लिहून झालं असतं?"

मी मान हलवली. रिचार्जवाल्यानं नवे पैसे भरले आणि म्हणाला, "ते 'आली-गेली' बंद करतो हं."

अण्णांना ते कसं कळलं कोण जाणे. त्यांनी फोन हिसकावून घेतला. "ते राहू दे. ती आहे एवढं तरी कळतं."

घरी आल्यावर अण्णांनी गिरणी बंद ठेवली. दळणाचे डबे दारात रांगेनं उभे, बायका कुरकुरताहेत, आणि हे ओट्यावर फोन घेऊन बसलेले. मी त्या बायकांना सांगितलं, उद्या या, आज आकाश कोसळलं तरी दळण नाही. अण्णा लिहीत होते, खोडत होते. मधेच मला म्हणाले, "काय लिहायचं असतं गं?"

"मनात असेल ते लिहा की."

"सवय गेली."

दुपार कलली तेव्हा त्यांनी मला दाखवलं. 'पोरी, घर खायला उठतं. तुझी आठवण येते. रागावलो नाही. एकदा ये.' मी वाचलं आणि तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले. हा माणूस दोन वर्षं माझ्या भिंतीपलीकडे हे घेऊन बसला होता आणि मला वाटायचं, बहिऱ्याला काय, निवांत आहे.

मेसेज गेला. घटकाभरानं फोन त्यांच्या हातात थरथरला. अण्णांचा चेहरा उजळला. पुन्हा थरथरला, मग पुन्हा.

'कोण बोलतंय?'

'अण्णांचा फोन तुमच्याकडे कसा?'

'अण्णांना काय झालं? खरं सांगा.'

अण्णांनी घाईघाईनं 'मीच आहे' लिहून धाडलं. उत्तर आलं, 'माझे अण्णा असं लिहीत नाहीत.' मागोमाग आणखी सात-आठ मेसेज आले आणि त्यांनीच सगळा बॅलन्स खाऊन टाकला. मी बाजारात पळाले, तर रिचार्जवाला दुकानाचं शटर ओढून गावाला गेलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं पोर आली. हातात पिशवीसुद्धा नव्हती. डोळे सुजलेले, पायात दोन वेगळ्या चपला. गिरणी चालू होती आणि अण्णा पाठमोरे उभे होते. तिनं दारातून तीनदा हाका मारल्या. ऐकतंय कोण? मग तिनं पुढे होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. अण्णा दचकून वळले, हातातलं सूप पडलं, आणि दोघांच्या अंगावर पीठच पीठ.

तिनं बापाला गच्च धरलं. रडत होती, हसत होती, आणि त्यांच्या छातीवर बुक्क्या मारत म्हणत होती, "पुन्हा असं गोड गोड लिहायचं नाही, सांगून ठेवते! रस्ताभर तुमचं मेलेलं तोंड दिसत होतं मला! नाही लिहायचं असं!"

गिरणी धडधडत होती. अण्णांना एक अक्षर कळलं नाही. त्यांनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतेय गं?"

इतकी वर्षं मी त्यांचे कान झाले, पण कोणाचा शब्द कधी इकडचा तिकडे केला नव्हता. मी पुढे झाले आणि त्यांच्या उजव्या कानात जीव खाऊन ओरडले,

"म्हणतेय, रोज असंच लिहा!"

पोरीनं चमकून माझ्याकडे पाहिलं. मग बापाकडे पाहून, त्यांना नीट दिसेल अशी, तिनं जोरजोरात मान हलवली.