ओळख नसलेल्या फायली

मित्रांनो, दहिसरच्या एका दोन खोल्यांच्या घरात खिडकीपाशी बसलेला म्हातारा संगणक तो मी. माझ्या वयाचे बहुतेक भाऊबंद कधीच भंगारात गेले. मी मात्र शकुआजींनी विणलेला रुमाल डोक्यावर घेऊन अजून ऐटीत बसतो. यंत्राला नवल वाटत नाही, असं लोक म्हणतात. साफ खोटं! मला एकदा इतकं नवल वाटलं की ते अजून ओसरलेलं नाही.

माझी उमेदीची वर्षं बोरीवलीच्या एका क्लासमध्ये प्रश्नपत्रिका छापण्यात गेली. तेव्हा माझं कोण कौतुक! पुढे नवे संगणक आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. त्या क्लासात सीताराम शिपाई होते. त्याआधी ते गिरणीत साचे, म्हणजे माग चालवत. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी त्यांना शाल, नारळ आणि मी, असे तिघे दिले. नारळाची दुसऱ्या दिवशी चटणी झाली. मला मात्र सीतारामांनी फडक्याने पुसून खिडकीपाशी बसवलं.

त्यांच्या कोकणातल्या वाडीच्या मुंबई मंडळाला पन्नास वर्षं होणार होती. स्मरणिका काढायची ठरली आणि वाडीतल्या त्रेचाळीस घरांची माहिती गोळा करायचं काम सीतारामांनी अंगावर घेतलं. कोण कधी मुंबईला आला, कुठल्या गिरणीत लागला, आता कुठे आहे, हे सारं फोनवर विचारून ते एका बोटाने टंकत. दोन वर्षं चाललं हे. ज्यांनी माहिती सांगितली, त्यांतली तीन माणसं दरम्यान वारलीसुद्धा. त्यांचं बोलणं आता माझ्या पोटात होतं आणि दुसरीकडे कुठेही नव्हतं.

एकदा त्यांच्या पत्नी शकुआजी चष्मा लावून वाचायला बसल्या. "अवो, बायकांची नावां खंय?"

"पानां वाढतत गो," सीताराम म्हणाले. "घोवाच्या नावात सगळां घर इलां." नवऱ्याच्या नावात बायको आलीच, असा त्यांचा हिशेब.

आजींनी नुसता चष्मा पुसला.

गुरुवारी मजकूर छापखान्यात द्यायचा होता. मंगळवारी सीताराम जुने फोटो माझ्यात भरायला लागले, तर जागा संपली. त्यांनी पुतण्याला, हर्षदला, फोन केला. तो घाईत होता. लपलेल्या फायली कशा बघायच्या तेवढं सांगून त्याने फोन ठेवला. मग काय! दिवाळीआधी माळा आवरावा तसा सीतारामांनी मला आवरायला घेतलं. इंग्रजी नावांच्या तीन फायली दिसल्या, ज्या या घरात कुणीच ठेवल्या नव्हत्या.

"ह्यो कोणाच्यो गो? आपण तर ठेवूक नाय."

"इचारा तरी कोणाक!" आजी आतून म्हणाल्या.

"इचारूचां काय त्यात? नको ता भायर."

आणि त्यांनी त्या काढून टाकल्या. वर कचरापेटीही रिकामी केली. खरं सांगतो, तेव्हा मलाही काही जाणवलं नाही. दिवसभर मी झकास चाललो. बुधवारी सकाळी बटण दाबलं आणि मला उठताच येईना. काळ्या पडद्यावर पांढरी एकच ओळ आली : फाइल सापडत नाही.

सीतारामांनी दहा वेळा बटण दाबलं. दहाही वेळा तीच ओळ. त्यांनी पुन्हा हर्षदला फोन लावला.

"काका, फॉरमॅट मारा, विषय संपला," हर्षद म्हणाला.

"म्हणजे लिहिलेलं राहील ना रे?"

"नाही हो काका. सगळं पुसून कोरं होणार."

सीताराम खाली बसले. त्यांचा हात माझ्यावर होता. मला बोलता येत असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, की अहो, सगळं आहे हो माझ्याजवळ! मला फक्त जागं होता येत नाही.

शेवटी रिक्षात मांडीवर घेऊन ते दोघं नवराबायको मला संगणक दुरुस्त करणाऱ्या दीप्तीताईंच्या दुकानात घेऊन गेले. दुकान कसलं, जिन्यालगतची एक खोली, पण हत्यारं देव्हाऱ्यातल्या देवांसारखी मांडलेली. दीप्तीताईंनी ती पांढरी ओळ वाचली.

"काका, काही साफसफाई केली होती का?"

सीतारामांनी मान खाली घातली. "केली, बाय. ओळखीच्या वाटल्या नाहीत, म्हणून काढल्या."

"फॉरमॅट नको. आधी आत काय आहे ते बघू."

त्यांनी एक पेनड्राइव्ह माझ्या कुशीत खुपसला, आणि मित्रांनो, मी जागा झालो! माझ्या बळावर नव्हे, त्या बोटभर पाहुण्याच्या बळावर. त्याच्या डोळ्यांनी मी पहिल्यांदा माझं पोट पाहिलं. त्रेचाळीस घरं जशीच्या तशी होती. वारलेली तीन माणसंही आपापल्या ओळीत होती. दीप्तीताईंनी आधी त्या सगळ्यांची वेगळी प्रत काढली. सीतारामांनी पडद्याला हात जोडले.

"आमचा साचा पण असाच होता," ते म्हणाले. "हजारो धाग्यांतला एक तुटला की आपोआप थांबायचा. साचा बिघडलेला नसायचा. तेवढा धागा शोधून गाठ मारायची, की परत सुरू."

"मग आता गाठ मारू," म्हणत दीप्तीताईंनी खणातून एक पिवळी पडलेली सीडी काढली. माझ्या वयाची यंत्रं आताशा त्यांच्याकडे येत नाहीत, तरी त्यांनी ती जपून ठेवली होती. तिच्यातल्या तीन फायली त्यांनी माझ्यात ठेवल्या.

"एवढ्याशाच?" सीताराम चकित झाले.

"तिन्ही मिळून तुमच्या एका फोटोएवढ्याही नाहीत. यांना कोणी कधी उघडून बघत नाही, काका. पण सकाळी सगळ्यांच्या आधी यांना उठावं लागतं. या उठल्या तरच बाकीचं घर उठतं."

"म्हणजे माझ्यासारख्याच की," शकुआजी हसत म्हणाल्या.

दीप्तीताईही हसल्या. सीताराम हसले नाहीत. ते बराच वेळ आजींकडे बघत राहिले.

दुपारी घरी आल्यावर त्यांनी माझं बटण दाबलं. मी पहिल्या फटक्यात उठलो. त्यांनी वाडीचा मजकूर उघडला, पहिल्या घराखाली एक ओळ मोकळी केली आणि विचारलं, "ह्या पयल्या घरच्या वहिनीचां नाव काय गो?"

"वनमाला. म्हायेरची सुलक्षणा. लग्नात नाव बदललांनी."

"आणि तिच्या सासूचां?"

मग आजी सांगत गेल्या. त्रेचाळीस घरं, शंभरावर बायका. प्रत्येकीचं सासरचं नाव, माहेरचं नाव, कुठल्या गावातून आली ते. हातात कागद नाही, चिटोरं नाही. मध्येच उठून त्यांनी भाताखालचा गॅस बारीक केला आणि परत येऊन नेमक्या त्याच घरापासून पुढे सुरुवात केली. मी थक्क झालो. हे सगळं त्या माउलीने इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं? आणि एवढ्या वर्षांत कुणी विचारलं कसं नाही?

संध्याकाळी शेवटचं घर झालं. "झालां," म्हणत आजी उठल्या. स्वतःचं नाव त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"थांब," सीताराम म्हणाले. त्यांनी आपल्या घरापाशी येऊन एका बोटाने, एकही अक्षर न विचारता लिहिलं : शकुंतला. माहेरची रुक्मिणी.

आजींनी चष्मा लावला, वाचलं, आणि चष्मा काढून पुन्हा पुसला. "तुमका आठवता?" एवढंच त्यांनी विचारलं.

मित्रांनो, गुरुवारी स्मरणिका आठ पानांनी वाढून छापखान्यात गेली. आता माझ्यातल्या मजकुराची एक प्रत दीप्तीताईंकडे असते, एक कपाटात. तुम्हीही ठेवत जा. आणि घर आवरताना कुणी अनोळखी सापडलं, तर बाहेर काढण्याआधी त्याला एकदा विचारा, की बाबा, तू इथे काय करतोस? काय सांगावं, तुमची सकाळ त्याच्याच जिवावर उगवत असेल.