आज कोण बोललं?

एलिनने मुद्दाम दाराजवळची जागा धरली होती. मांडीवर आठ महिन्यांचा एबल, आणि डोळे सारखे दाराकडे. टोपी काढायची ती फक्त देवापुढे, या पंथाच्या नेमापायी न्यायाधीशासमोर ती काढली नाही म्हणून तिचा नवरा रॉजर तुरुंगात पडला होता. आता तिलाही नेलं तर? त्या ओलीत, उंदरांत लेकरू तगेल का? तिने एबलचं कपाळ पुन्हा एकदा चाचपलं.

कोठारात क्वेकर पंथाची वीसेक माणसं प्रार्थनेला गप्प बसली होती. पाद्री नाही, स्तोत्र नाही. तिच्या लहानपणी पलीकडच्या टेकडीवर एक फिरता माणूस सांगून गेला होता, की देवाचा उजेड ज्याच्या-त्याच्या आत असतो, मध्ये दलाल कशाला? तेव्हापासून हे असंच. आतून आलं तर उठून बोलायचं, नाहीतर गप्प घरी जायचं. सरकारने अशा सभांवर बंदी आणली, तरी लपून प्रार्थना कशाला, म्हणून दाराला कडी घालायला कुणी तयार नाही.

एबलला मात्र आज फार आतून येत होतं. "बा-बा-बा!" एलिन लाजून अर्धी झाली.

"बोलू दे गं," म्हातारी ब्रिजेट कुजबुजली. "पाद्र्यापेक्षा थोडक्यात आटपतोय."

तेवढ्यात दार ढकलून शिपाई मायल्स आत आला. एलिनचा मामेभाऊ. तिला पाहून त्याचा चेहरा उतरला. वाकून तो पुटपुटला, "एले, तू लोणी द्यायला आलीस ना? हो म्हण आणि पळ घरी."

एक 'हो', की सुटका. दार तर हाताशीच होतं. एबलने तिचं बोट घट्ट धरलं होतं. उद्या हा बोलायला लागेल, ते आपलंच ऐकून.

"नाही रे मायल्स. मी सभेलाच आले." तिचाच आवाज तिला मोठा वाटला. ती उठली आणि मधोमध ब्रिजेटशेजारी जाऊन बसली.

"वेडी कुठली!" मायल्सने कपाळावर हात मारला. "बरं, प्रवचन कुणी केलं? साहेबांचा हुकूम आहे, बोलणाऱ्याला धरून आण. कोण बोललं आज?"

"हा बोलला," ब्रिजेटने एबलकडे बोट दाखवलं. "दुसरं कुणी नाही."

"थट्टा करता, ब्रिजेटबाई?"

"खोटं कधी बोललेय का मी? ने की. दात येताहेत, जरा लाळ गळेल तुझ्या अंगावर."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांपुढे हा कैदी उभा करायचा, या विचारानेच मायल्सला घाम फुटला.

"टोपीची काळजी नको," एलिन शांतपणे म्हणाली. "हा बापावर गेला नाही. सारखी काढून फेकतो."

मायल्सने खाली पडलेली इवलीशी टोपी उचलली, झटकली, भाच्याच्या डोक्यावर बसवली. "पुढच्या खेपेला निदान एखादं दात असलेलं माणूस बोलू द्या," असं करवादत तो निघून गेला. दार उघडंच राहिलं.

गार वारा आत आला. एलिनने एबलला शालीत गुंडाळलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच डोळे मिटले.