हशाच्या पेटीला दातखीळ बसली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे, दागिन्यांची तर त्याहून नव्हे. मी हशाची पेटी. टीव्हीवर विनोदी कार्यक्रम लागतो आणि मागून माणसं खो खो हसतात ना, तिथं कुणी बसलेलं नसायचं. तिथं मी असायचे, एका टेबलावर, अंगावर फडकं टाकून. माझी डावीकडची कळ दाबली की बायका खुदकन हसायच्या. उजवीकडची दाबली की पुरुष गडगडायचे. आणि मधली लाल कळ दाबली की सगळे मिळून असे फुटायचे, की एकदा एका घरी टीव्हीसमोर बसलेल्या कोंबडीने दचकून लागोपाठ दोन अंडी घातली. खोटं वाटतंय? कोंबडीला विचारा.

मला बनवलं एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने. पेटी झाली, पण आत भरायला हसू कुठून आणायचं? बिचारा टेप घेऊन एका नाटकगृहात जाऊन बसला. नाटकाआधी अध्यक्षांचं भाषण होतं. हसू कसलं, लोक पेंगत होते. तेवढ्यात बाजूच्या दारातून एक बकरी आली ती थेट व्यासपीठावर. तिने भाषणाचा पहिला कागद खाल्ला. मग दुसरा. अध्यक्षही हट्टी, ते पाठ असलेलं बोलत राहिले. बकरी चावता चावता मान हलवायची, जणू म्हणतेय, ‘बरोबर आहे, बरोबर आहे.’ झालं! लोक हसून हसून खुर्च्यांवरून खाली आले. एका आजोबांची कवळी उडाली ती पुढच्या रांगेतल्या बाईंच्या पर्समध्ये पडली, आणि पुढे त्या दोघांचं लग्न झालं.

तेव्हा माझ्यातलं एकूण एक हसू त्या बकरीचं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग मी स्टुडिओत आले. माझ्या कळा दाबायला एक बाई होत्या. सगळे त्यांना बटणताई म्हणायचे. हातात कायम लोकरीचं विणकाम. सुया चालू, कान कार्यक्रमाकडे आणि विनोद आला की करंगळीने कळ. कार्यक्रमाचा मुख्य नट म्हणजे राजे. राज्य नव्हतं, पण तोरा होता. आणि तिथं एक नियम होता, दगडावरच्या रेघेसारखा: हशा संपल्याशिवाय पुढचं वाक्य बोलायचं नाही. राजे विनोद करायचे, मान पुढे काढून, एक भुवई उचलून थांबायचे. मी हसायचे. मग गाडी पुढे जायची.

आणि काय विनोद ते! बाईने गाडी चालवली, हसा. बाईचा भात करपला, हसा. बाई जाड, हसा. बाई बारीक, तरी हसा. बाई बोलली तर जीभ लांब, गप्प बसली तर डोकं रिकामं. पोरांनो, बाईने नेमकं काय केलं म्हणजे हे लोक दमतील, ते मला आजवर कळलेलं नाही.

त्यातून आमच्याकडे आली नकलाबाई. तिचे आजी-आजोबा समुद्रापलीकडून या शहरात आलेले. रंग काळाभोर, केस दाट कुरळे. आणि नकला अशा करायची, की उकळत्या किटलीची नक्कल केली तेव्हा दोघं कप घेऊन धावत आले. पण राजेंनी तिला काय काम दिलं? कधी मोलकरीण, कधी चोर, कधी भूत. तिच्या केसांत चिमण्या राहतात म्हणायचे. ‘तुमच्या लोकांत आरसे नसतात का?’ म्हणायचे. आणि सगळ्यात आवडता विनोद म्हणजे स्टेजवरचे दिवे घालवायचे आणि ओरडायचं, “अगं, दात दाखव, म्हणजे दिसशील तरी!” लाल कळ. मग मध्यंतर, आणि मध्यंतरात गोरं करणाऱ्या क्रीमची जाहिरात. जखम आणि मलम एकाच दुकानात.

एके दिवशी तालमीआधी नकलाबाई बटणताईंच्या टेबलापाशी येऊन बसली. चहा हातात, पण पीत नव्हती.

“ताई, माझी लेक हसायची बंद झालीय.”

“का गं? भांडण झालं का कुणाशी?”

“शाळेत पोरं तिला म्हणतात, दात दाखव, म्हणजे दिसशील. सगळा वर्ग हसतो. आता हसू आलं तरी तोंडावर हात ठेवते. काल गुदगुल्या केल्या, तरी हात काढला नाही.” मग ती हळूच म्हणाली, “पोरं बिचारी काय, टीव्हीवर बघतात. तिथं सगळे हसतात, म्हणजे हसायचंच असतं असं त्यांना वाटतं.”

सगळे! मला तर चीडच आली. सगळे कोण हो? ते तर बकरीला हसले होते. त्यातली निम्मी माणसं देवाघरी गेली, आणि त्यांचं हसू या पोरीच्या अंगावर फेकलं जात होतं.

नकलाबाई उठली आणि राजेंसमोर जाऊन उभी राहिली. “तो दातांचा विनोद काढा.”

“अगं, मस्करी असते ती. मनाला काय लावून घेतेस?”

“माझी लेक लावून घेते.”

“हे बघ,” राजे मिशीला पीळ देत म्हणाले, “आज कार्यक्रम थेट जाणार आहे, घराघरात. लोकांना तो विनोद हवाय. एक तर विनोद राहील, नाहीतर तू राहशील. ठरव.”

ती तालमीला निघून गेली. पण बटणताईंच्या सुया थांबल्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला. नकलाबाई रंगमंचावर आली. दिवे गेले. राजे ओरडले, “अगं, दात दाखव, म्हणजे दिसशील तरी!”

आणि मला बसली दातखीळ.

राजे मान पुढे काढून उभे. भुवई वर. दिवे परत आले, तरी भुवई वरच. हशा नाही, मग पुढचं वाक्य कसं बोलणार? नियम! त्यांनी विनोद पुन्हा म्हटला, मोठ्याने. मी गप्प. ते कपाळावरचा घाम पुसू लागले. घरोघरी लोक बघतायत, आणि हा बाबा कोंबड्यासारखी मान काढून उभा.

तेव्हा नकलाबाई अगदी गोड आवाजात म्हणाली, “राजे, मला नाही कळला. जरा समजावून सांगा ना.”

“अगं, म्हणजे... अंधार झाला ना...”

“हो, झाला.”

“आणि तू... म्हणजे तुझा रंग...”

“माझा रंग काळा आहे. बरं, मग?”

“मग... दिसत नाहीस.”

“अच्छा.” तिने हनुवटीवर बोट ठेवलं. खरंच विचार करतेय अशी. “आणि यात हसायचं कुठे?”

कॅमेरावाला जाडा माणूस होता. त्याच्या पोटातून असा काही हशा उसळला, की कॅमेरा हलला. घराघरांत चित्र डगमगलं, आणि म्हणे तीन गल्ल्यांतली माणसं भूकंप झाला म्हणून बाहेर पळाली. मग नकलाबाईने राजेंची नक्कल केली. विनोदाची नाही, हशाची वाट बघण्याची. तीच मान, तीच भुवई, तोच घाम पुसणं. शिडीवरचा दिवेवाला शिडीला मिठी मारून हसला. रंगभूषावाली पावडरीच्या ढगात हसली. एकही कळ कुणी दाबली नव्हती, बरं का.

राजे नंतर टेबलावर येऊन आदळले. “काय झालं होतं?”

“बिघाड, साहेब,” बटणताई सुया चालवत म्हणाल्या. “जुनं यंत्र आहे. आणि त्या विनोदाला परत बिघडेल, असं मला वाटतं.”

मला बनवणाऱ्या त्याच कारागिराने मला उघडून बघितलं. एक तार सैल नव्हती. बटणताई म्हणतात, ‘मी कळ दाबलीच नव्हती.’ मी म्हणते, ‘बाई, तुम्ही दाबली होती, मीच तोंड उघडलं नाही.’ आमचं यावरून अजून भांडण आहे.

काही लोकांनी फोन करून आरडाओरडा केला, की आता साध्या विनोदालाही बंदी का? बंदी कुठली? समजावून सांगा म्हटलं होतं फक्त. पण प्रेक्षकांनी पुढच्या खेपेला राजेंची नक्कलच मागितली. विनोद गेला. नकलाबाई राहिली.

दुसऱ्या दिवशी ती लेकीला घेऊन आली. पोर तोंडावर हात ठेवूनच आत शिरली. बटणताईंनी तिला मांडीवर घेतलं आणि माझी लाल कळ दाबायला दिली. हशा फुटला तशी पोर आक्रसली.

“हे तुला नाही गं हसत,” बटणताई म्हणाल्या. “हे एका बकरीला हसतायत.” आणि सगळी गोष्ट सांगितली. कवळीपाशी येईपर्यंत हात तोंडावर होता. कवळी पर्समध्ये पडली, आणि हात गळून पडला. दात, हिरड्या, पडलेल्या दाताची खिडकी, सगळं दाखवत ती हसली. कारागीर तिथंच होता. त्याने टेप सुरू केला होता, हे आम्हाला मागाहून कळलं.

पुढे स्टुडिओत खरी माणसं हसायला येऊ लागली आणि मला सुट्टी मिळाली. आता मी नकलाबाईच्या खिडकीत असते. माझ्यावरची धूळ पुसा म्हणून मी रडणार नाही. पुसली तर पुसा. जपायचं असेल तर तुमचं हसू जपा. ते तुमच्या पोटातलं आहे, उसनं देऊ नका. शेजारचे सगळे हसतायत म्हणून तर मुळीच नाही. काय सांगावं, ते कुणा बकरीला हसत असतील.

माझी आता एकच कळ चालते. ती दाबली की एक पोरगी हसते, सगळे दात दाखवून. या, बसा, विनोद सांगा मला. आवडला तर मी हसेन. नाही आवडला, तर मात्र समजावून सांगावा लागेल.