मैनेचा ठोका

इंग्रजी गाणाऱ्या बाईला रत्नागिरीत काय काम, असं मला इतक्या जणांनी विचारलं की शेवटी मीच कार्यक्रमाच्या सुरुवातीला माईकवरून हा प्रश्न विचारायला लागले. लोक हसायचे. हसलेल्या माणसाला मग काहीही ऐकवता येतं, हे मी मुंबईत शिकले होते.

माझे वडील भिकाजी तिथल्या एका बड्या हॉटेलात वेटर होते. मी त्यांचा डबा घेऊन जायचे आणि भटारखान्याच्या दाराआडून बँड ऐकत उभी राहायचे. ट्रम्पेट वाजवणाऱ्या गोव्याच्या मास्तरांनी एकदा मला गुणगुणताना पकडलं. विशीत मी चमचमता झगा घालून त्याच हॉटेलात जॅझ गायला उभी राहिले. इंग्रजी मला ओ की ठो येत नव्हतं. मी गाणी मराठी अक्षरांत लिहून घ्यायचे आणि मास्तर एका वाक्यात अर्थ सांगायचे. ही बाई रुसलीये. ही बाई चिडलीये, पण दाखवत नाही. एवढ्यावर माझं भागायचं. मागे सगळे पुरुष, पुढे जेवणारे लोक, मधे मी. वाईट गात नव्हते. पण खरं सांगायचं तर ते जिथं उभं करत तिथं उभी राहून मी गात होते.

मग डिस्को आला आणि हॉटेलवाल्यांनी बँड काढून टेप लावली. वडील थकले होते. त्यांना घेऊन मी एसटीनं रत्नागिरीला परत आले. टपावर आमच्या ट्रंका होत्या आणि बँडचा जुना ड्रमसेट होता, जो कुणालाच नको होता. मला तरी कशाला हवा होता, देव जाणे.

आमचा ऑर्केस्ट्रा जमला तो शेजारच्या शरीफामुळे. तिच्या नवऱ्यानं कुवेतहून कॅसिओ पाठवला होता. ती दुपारी दार लावून तो वाजवायची आणि भिंतीपलीकडून मी गायचे. महिनाभर आम्ही एकमेकींना काही बोललो नाही. मग एके दिवशी तीच दारात येऊन म्हणाली, "भिंत कशाला मधे? आत ये ना गो." दुसरी सखू. तिच्या वडिलांचा लग्नाचा बँड होता. त्यांना दमा जडल्यावर घरात क्लॅरिनेट फुंकणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं, म्हणून ही फुंकायला लागली आणि बापाच्या वरचढ निघाली.

मैना मला शिरगावात सापडली. तिच्याकडे पोहे आणायला गेले, तर ती आणि तिची जाऊ एकाच उखळात पोहे कांडत होत्या. दोघींची दोन मुसळं. एकीनं घाव घातला की दुसरी लगेच घालत नाही, पहिलीचं मुसळ पुरतं वर जाईपर्यंत थांबते, नाहीतर मुसळावर मुसळ आपटायचं. जावेचा घाव वेळेवर पडत होता. मैनेचा मात्र जरासा मागून, आळस दिल्यासारखा, आणि तरी कधी चुकत नव्हता. मी पोह्यांचं विसरलेच. मास्तर आठ वर्षं मला सांगत होते, "बेबी, घाई नको, ठोका तुझ्या मागून येऊ दे." तो मागून येणारा ठोका शिरगावात एक बाई पदर खोचून घालत होती.

तिला ड्रमपुढे बसवायला मला फार बोलावं लागलं नाही. नवरा केरू लालबागच्या गिरणीत, मूलबाळ नाही, सासू देवाघरी. ती म्हणाली, "हातपायच चालवायचे ना? चला." तिच्या त्या ठोक्यावर मी पहिलं गाणं म्हटलं आणि मधेच थांबले. मला रडू आलं. इतकी वर्षं गात होते, पण गाण्यात मला हवं तेवढं रेंगाळता येतं, एखादी ओळ उशिरा उचलली तरी मागे कोणी उभं आहे, हे मला पहिल्यांदा कळत होतं.

त्यानंतरची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. गणपतीपुळ्यापासून मंडणगडापर्यंत आम्ही चौघी एसटीनं फिरलो. ड्रम टपावर, कॅसिओ शरीफाच्या मांडीवर. तो ती कुणाला धरू द्यायची नाही, मग गाडी कितीही आपटो. मध्यंतराआधी सिनेमाची गाणी, मध्यंतरानंतर माझी. माझ्या गाण्यात शब्द संपले की मी नुसत्याच आवाजानं खेळायचे, डूबा-डूबा असं काहीतरी. मंडणगडला हे सुरू केलं तर पुढच्या रांगेतले एक म्हातारबाबा उठून कळवळ्यानं म्हणाले, "बाय, इसरलीस तर घाबरू नको. पयल्यापासून म्हन." सखूला इतकं हसू आलं की तिची क्लॅरिनेट शिट्टी मारायला लागली. गाण्यात प्रत्येकीला आपापली पाळी होती. इतर तिघी गप्प बसायच्या आणि एकटीनं काय हवं ते वाजवायचं. फुगडीत एकेक जोडी पुढे येते तसंच, असं मी सांगितलं आणि कुणाला वेगळं समजवावं लागलं नाही.

हे सगळं चाललं, कारण घरात हुकूम चालवणारे पुरुष नव्हते. हे तेव्हा कुणी बोलून दाखवलं नाही, पण माहीत सगळ्यांना होतं.

ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप झाला. केरू नेहमीसारखा शिमग्याला आला आणि परत गेलाच नाही. तसा माणूस वाईट नव्हता, हे मी आज म्हणते. तेव्हा मला तो डोळ्यांसमोर नको व्हायचा. बायकोनं ड्रम वाजवायला त्याची काही हरकत नव्हती. उलट तो तालमीलाच येऊन बसायला लागला. गिरणीतल्या भजनी मंडळात त्यानं ढोलकी वाजवलेली, ताल पक्का, आणि पहिल्याच दिवशी त्यानं निदान केलं.

"ताय, हिचा ठोका मागं पडतो," तो म्हणाला.

"पडू दे केरूभाऊ. तो मागेच पडायला हवा," मी म्हटलं.

"मागं पडला तर त्याला ताल कसा म्हनायचा?"

झालं. रोज तो तिच्या शेजारी पाट टाकून बसे आणि गुडघ्यावर हात मारून तिला वेळ दाखवी. आणि मैना, जिच्या जिभेला एरवी हाड नव्हतं, ती मान खाली घालून त्याच्या हाताबरोबर वाजवी. पावसाळा संपेपर्यंत तिचा ठोका घड्याळासारखा सरळ झाला. सिनेमाची गाणी त्यावर छान बसायची. माझं गाणं मात्र त्यावर मरून पडायचं. शाळेत कवायत करत गावं तसं मला वाटे. लोकांना कळत नव्हतं, ते टाळ्या वाजवत. मला कळत होतं, आणि मी रात्रंदिवस धुमसत होते.

दिवाळीनंतर एका तालमीत माझा तोल गेला. मी केरूला म्हटलं, "तुम्ही बाहेर ओट्यावर बसा. इथं तुमचं काही काम नाही."

त्यानं पाट उचलून भिंतीला लावला आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी मैना आली नाही. तिसऱ्या दिवशी मीच शिरगावला गेले. ती मागच्या पडवीत भांडी घासत होती. तिनं मला बसायलाही सांगितलं नाही.

"मालनताय, काम नाय असं त्यांना बोलायचं नव्हतंत," ती म्हणाली. "गिरनीनं तेच सांगितलं. शेतात त्यांचा भाऊ सांगतो, तुला नांगर धरता येत नाय. सगळ्या गावात एक माज्या ढोलाकडं बगून ते चार शब्द बोलतात. तेवडं तरी बोलू दे."

"आणि माझं गाणं?"

"मना दोनी वाजवता येतं. तुमचं पन, त्यांचं पन." राख लावलेला हात तिनं तसाच धरला होता. "पन ते बसलेले असताना तुमचं कसं वाजवू? त्यांना वाटंल हिला माजं शिकवनंपन नको."

तिचं खरं होतं, आणि माझंही खोटं नव्हतं. मी हट्टी बाई. मी तिला सरळ सांगितलं, की केरूभाऊंची मी माफी मागते, त्यांनी खुशाल येऊन बसावं. पण खेडच्या कार्यक्रमात तुझा हात पहिल्यासारखा चालला नाही तर त्यानंतर मी गाणार नाही. ऑर्केस्ट्रा शरीफानं चालवावा, सिनेमाची गाणी म्हणायला दुसरी कोणीही मिळेल. मी धमकी देत नव्हते. त्या सरळ ठोक्यावर गाण्यापेक्षा वडिलांना पेज करून घालत घरी बसणं मला खरंच बरं वाटत होतं. मैना पुन्हा भांडी घासायला लागली.

खेडचा कार्यक्रम संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा होता, दुपारचा, फक्त बायकांसाठी. सभागृह गच्च भरलेलं. त्यातल्या कितीजणींचे नवरे गिरणीतून परत येऊन घरात बसले होते, ते मोजायची गरज नव्हती. पुरुष एकटा केरू, तोही विंगेत, पडद्याआड पाटावर. आल्यावर मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे ताय. मी मनाला लावून घेत नाय." पण त्यानं लावून घेतलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मध्यंतरापर्यंत सगळं सुरळीत झालं. केरू गुडघ्यावर हात मारत होता, मैना त्याच्याबरोबर होती. मध्यंतरानंतर मी एक संथ गाणं काढलं. मी एरवीसारखाच एका वाक्यात अर्थ सांगितला, की या बाईचा माणूस लांब गेलाय आणि ती आता तिच्या रीतीनं दिवस काढतेय. मी गायला लागले. ठोका सरळच होता. एक कडवं झालं, दुसरं झालं. सूर लागत होते, पण गाणं लागत नव्हतं. हे शेवटचं, असं मनाशी म्हणून मी बाजूला झाले. शरीफानं तिची पाळी वाजवली, सखूनं वाजवली. मग मैनेची आली.

तिनं सुरुवात केली ती केरूनं शिकवलेल्या हातानंच. नीटनेटकी. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईनं वाणाची पिशवी पायाशी सारखी केली आणि ती चपला शोधायला लागली. मैनेनं तिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, विंगेकडेही नाही. मग तिनं एक ठोका सोडून दिला. पुढचा आला तो मागून आला, आळस देत, पण अचूक. आणि मग तसेच येत राहिले.

बायकांना जॅझ कुठून माहीत असणार? पण हे त्यांना माहीत होतं. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजीनं दोन्ही मुठी एकावर एक धरल्या आणि बसल्या जागी मुसळ उचलल्यासारखे हात हलवून ती हसायला लागली. तिच्या शेजारची हलायला लागली, मग मागच्या. चपला शोधणारी पुन्हा टेकून बसली. मी कधी गायला लागले ते मला कळलं नाही. ओळी हव्या तिथं उचलल्या, हव्या तिथं सोडल्या, आणि दर वेळी मैना मागून येऊन मला भेटली.

विंगेत केरूचा हात गुडघ्यावर पडतच होता. दर वेळी तो पुढे पडे आणि बायकोचा ठोका त्याच्या मागून येई. तो पुन्हा मारी, पुन्हा तेच. शेवटी हात तसाच वर राहिला आणि मग त्यानं तो हळूच खाली ठेवला.

कार्यक्रम संपला. बायका वाण घेऊन पांगल्या. मैना झांजेचा स्क्रू सोडवत होती. केरू तिच्याजवळ येऊन उभा राहिला. मी ड्रमची दोरी हातात घेतलेली, तिथून हलले नाही.

"मी नसायचो तवा तू असं वाजवायचीस?" त्यानं विचारलं.

"तुमी नसायचात तवा मी अशीच असायची," मैना म्हणाली. "तुमी शिमग्याला आलात की सरळ व्हायची. पंदरा दिसांचा काय तो प्रश्न होता."

आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला ते ऐकवेना. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती त्यांच्या. केरूनं मोठा ढोल उचलला, खांद्यावर घेतला, दारापर्यंत गेला आणि परत वळला. तो बोलला ते तिच्याशी नाही, माझ्याशी.

"ताय, पुढच्या टायमाला मना समोर बसवा. आतनं नीट ऐकू येत नाय."

"पुढचाही कार्यक्रम बायकांचाच आहे, केरूभाऊ."

"मंग इचारा त्यांना. ह्या बाईला मी अजून ऐकलेली नाय."

पुढच्या महिन्यात चिपळूणला तिथल्या बायकांशी तावातावानं भांडून मी त्याला आत घेतला. शेवटच्या रांगेत, बायकांमध्ये तो अवघडून बसला होता, टोपी मांडीवर आणि हात टोपीवर. गिरणी सुरू झाली तरी आता तिथं आपल्याला घेणार नाहीत, हे त्याला तोवर कळून चुकलं होतं. मैनेनं त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. ती स्वतःच्या हातानं वाजवत राहिली आणि तो ऐकत राहिला. त्यानंतर मी पुष्कळ ठिकाणी गायले, पण त्या दिवसासारखी पुन्हा कधी गायले नाही.