गच्चीवरची कपाशी

"मॅडम, आता जे सांगतो ते तुमी खरं मानणार न्हाई," मन्मथआप्पांनी सुरुवात केली. "आजवर कुणीच मानलं न्हाई. म्हणून मी शपथबिपथ घेत न्हाई. उगं देवाला कावून तरास द्यायचा?"

वर्षाराणी मॅडमनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते. परदेशी गिऱ्हाइकाच्या वतीने माल तपासायला त्या पुण्याहून पहाटेच निघून धारूरला आल्या होत्या. माल म्हणजे तीनशे बारा सदरे, हातमागाच्या सुती कापडाचे, झाडपाल्याच्या रंगाचे, धुतलेलं पाणीसुद्धा झाडाला घालावं असे. ते मोजायचे, रंग एकसारखा आहे का ते बघायचं आणि दोनच्या आत अहवाल धाडायचा. 'माल तयार नाही' एवढे तीन शब्द त्यात गेले की ऑर्डर दुसऱ्या कारखान्याकडे जाणार, आणि आप्पांची सून प्रणिता हिने चार शिवणाऱ्या बाया घेऊन उभा केलेला धंदा तिथेच आडवा होणार.

सदरे तयार होते. फक्त ओले होते.

यात प्रणिताची काही चूक नव्हती. तिने डाळिंबाच्या सालीत रंगवून सगळे पिवळेधमक करून ठेवले होते. तेवढ्यात तिकडून मेल आला, की यंदा आमच्याकडे पिवळं कुणी घालत नाही, राखाडी पाठवा. मग शेजारच्या पंक्चरवाल्या अशफाकने गंजक्या नटबोल्टांची पाटी आणून दिली. ते लोखंड गुळाच्या पाण्यात आठवडाभर कुजवलं, त्यात सदरे बुचकळले, आणि पिवळ्याचे राखाडी होऊन गच्चीवर दोरीला लागले. लागले आणि आभाळ आलं. दोन दिवस सूर्य धारूरची वाट विसरला. आज कुठे ऊन पडलं होतं.

"मामा," प्रणिता सकाळी जिन्यात सासऱ्यांना म्हणाली होती, "दोन तास मॅडमला खाली गुंतवा. गच्चीकडं बघू सुदिक देऊ नका. कसं ते तुमचं तुमी बघा."

थापा मारू नका असं आप्पांना सगळ्या गावाने सांगून झालं होतं. मारा म्हणून विनंती ही पहिलीच. त्यांनी अंघोळ केली, कपाळाला विभूती लावली आणि इस्त्रीचं धोतर नेसून बैठकीत येऊन बसले.

"तर गेल्या साली आमचे चाळीस सदरे उगवले."

"उगवले?"

"आठ दिस पाऊस लागलता. सदरे दोरीवरच. नवव्या दिशी बघतो, तर काखंतून कोंब."

मॅडमनी फॉर्म काढून पेन उघडलं. "उगवण किती टक्के झाली?"

आप्पा अडखळले. हसणारे त्यांना पुष्कळ भेटले होते, विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. "नव्वद," ते म्हणाले. "चार सदरे वांझ निघाले. त्यात टेरीकॉट आसंल."

मॅडमचं पेन हललं.

"म्हंजे दोऱ्यात," आप्पा घाईने म्हणाले. "दोऱ्यात पन न्हाई. ते चार मुळातच आळशी व्हते. मग पीक पाहणीला तलाठी बद्रीनाथ आला. त्यानं मोबाइलवर फोटो मारला आन नोंद केली: कपाशी, कोरडवाहू, दुसरा मजला. झालं. आता ते सदरे राहिले न्हाईत, उभं पीक झालं. तिकडनं गिऱ्हाईक म्हणतंय माल पाठवा, हिकडं ह्यो म्हणतोय पीक जाग्यावरनं हलवायचं न्हाई. मधल्यामधी आमी."

वरून घर्रघर्र आवाज सुरू झाला. अशफाकने दुकानातला हवेचा कंप्रेसर गच्चीवर चढवला होता आणि ट्रॅक्टरच्या टायरात मारावी तशी एकेका बाहीत हवा मारत होता.

"वर काय चाललंय, आप्पा?"

"सदरे घोरतेत."

"भर दिवसा?"

"लांबचा परवास हाय. झोप काढून घ्यायलेत."

"मग मीच जाऊन उठवते." मॅडम खरोखरच उठल्या.

सुनेने आयुष्यात एकच काम सांगितलं होतं. "बसा की ताई," ते म्हणाले, "आजून बोंडअळी यायचीय."

"कुठे पडली अळी?"

"कॉलरीवर."

मॅडम बसल्या. प्रणिता चहा घेऊन आली. कोपरापर्यंत राखाडी झालेले हात तिने पदराखाली घेतले होते, तरी कपबशी धरायला बोटं बाहेर काढावीच लागली. मॅडमनी ती पाहिली आणि चहाचा घोट घेतला.

"कुठवर आलं, मामा? बोंडं फुटली का?"

"आता कुठं पाते लागायलेत."

"मग सावकाश होऊ द्या," म्हणून ती वर पळाली.

आप्पांनी अळीवर लिंबोळीचा अर्क फवारला. त्यात अर्धा तास गेला. कांदाभजी आली, तीही संपली. आप्पा आता असे रंगात आले होते की सून, गच्ची, अहवाल, कशाचीच शुद्ध उरली नव्हती.

"मग बोंडं फुटली. आन दर बोंडातनं एकेक सदरा निघाला. बोटभर. गुंड्या सुदिक लागलेल्या."

"मग धाडलेत?"

"धाडतो कुठं? गिऱ्हाईक म्हणलं, इतके बारके कुणाला घालू, आमच्या देशात लेकरंच जन्मंना गेलीत. आता तिकडं लोक लेकरं करीनात त्याला धारूरचा मानूस काय करणार? आमी पुन्यांदा पेरले."

मॅडमनी फॉर्मची घडी केली. आल्यापासून जपून बोललेलं पुणेरी मराठी त्यांनी बहुतेक त्याच घडीत ठेवून दिलं.

"आप्पा, माझ्या वडलांचं गेवराईला जिनिंग व्हतं. सरकी तिथंच निघून जाती. रुईत बी न्हाई, सुतात न्हाई, कापडात तर न्हाईच न्हाई. बिनबियाचा सदरा उगवतोय कशाला? धादांत लबाड बोलताय तुमी. आन वरचा कंप्रेसर बंद होऊन धा मिनिटं झाली. चला, वाळलेले सदरे दावा."