दाराशी भरून ठेवलेली बाटली

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची बाटली आहे. ॲल्युमिनियमची, खाकी कापडाच्या पिशवीतली, कुशीला मोठा पोचा पडलेली. तुमच्या रंगीत बाटल्यांपुढे मला कुणी हिंग लावूनही विचारणार नाही. पण मी युद्ध पाहिलं आहे.

कारखान्यातून निघाले ती थेट एका जवानाच्या कमरेला लटकले. जखमींना स्ट्रेचरवरून उचलून आणणं हे त्याचं काम. स्ट्रेचरचं दुसरं टोक त्याचा जिवलग मित्र धरायचा. त्या मित्राच्या तोंडाची टकळी कधी थांबायची नाही, म्हणून सगळे त्याला बडबड्या म्हणत. एके दुपारी बडबड्याच्याच पोटात गोळी घुसली.

"पाणी दे रे," तो म्हणाला.

पोटात जखम झालेल्याला पाणी पाजायचं नाही, त्याने जीव जातो, असं त्यांना शिकवलेलं होतं. मी काठोकाठ भरलेली होते. माझ्या मालकाचा हात बुचावर आला, मागे गेला, पुन्हा आला. "थोडा दम धर, डॉक्टर येतायत," एवढंच तो म्हणत राहिला. डॉक्टर आले तेव्हा बडबड्या कायमचा गप्प झाला होता.

युद्ध संपलं. मिळालेलं पदक मालकाने कपाटात टाकलं. मला मात्र तो रोज सकाळी भरून दाराशी घेऊन बसायचा. पोस्टमन असो की रद्दीवाला, कुणाला कोरड्या घशाने पुढे जाऊ द्यायचा नाही. लेक वैतागायची. "बाबा, लोक हसतात हो आपल्याला." तो पुढच्या माणसासाठी माझं बूच उघडायचा. जवळ बसून कुणी कारण विचारलं नाही, आणि त्याने सांगितलंही नाही.

मग म्हातारपणी त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं. मी उशाशी होते. "पोरी, पाणी दे गं," तो म्हणाला. थेंबभरही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लेकीने मला उचललं आणि रडत परत खाली ठेवलं.

"बाबा, थोडा दम धरा ना."

त्याने तिचा हात हातात घेतला. "बरोबर करतेयस," तो म्हणाला. "मनाला लावून घेऊ नकोस." संध्याकाळी तो गेला.

तिने मनाला लावून घेतलंच. आता तीच मला भरून दाराशी बसते. "शेवटचं पाणी मागितलं, तेही मी दिलं नाही," असं ती शेजारणीला सांगते.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसत जा, त्यांना विचारत जा. आणि आमच्या दारावरून गेलात तर पाणी प्यायला थांबा. तिला बडबड्याची गोष्ट सांगा. मोठ्या माणसांना माझं बोलणं ऐकू येत नाही.