लिंबाच्या पानावरची अळी

"पाय दिसले का गं?" ताईने चौथ्यांदा विचारलं आणि माझं डोकंच फिरलं.

"नाही दिसले! अंगाखाली घेऊन बसलीय महाराणी."

ताई अळ्या ओळखायचं पुस्तक लिहितेय, चित्रं माझी. एकशे एकोणचाळीस झाली, एकच उरलंय. लिंबावरची अळी मोठेपणी हिरवीगार होते, पण लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. तपकिरी, वर पांढरा डाग. शुक्रवारी सगळं छापखान्यात गेलं नाही, तर पुस्तक वर्षभर लांबणार. आणि आज बुधवार!

अळी शेवटी ताईनेच शोधली, काल सकाळी. पानासकट डबीत घालून माझ्यापुढे ठेवली. "हात लावू नकोस, कात टाकायच्या आधी अशीच निपचित पडते." झालं! दीड दिवस मी भिंगाला डोळा लावून बसलेय. डोक्यामागे खऱ्या पायांच्या तीन जोड्या हव्यात, पोटाखाली लुसलुशीत पायांच्या चार, शेपटाशी एक. इथे एकही नाही. मान मोडायची वेळ आली.

शेवटी वैतागून ब्रशच्या टोकाने ढोसलं. भुगा झाला.

"अगं, ही खरीच शीट आहे! दीड दिवस मी चिमणीच्या शिटेचे पाय शोधतेय!" मला हसू आवरेना. अळ्यांमध्ये केस पिकवलेली ही बाई, आणि फसली ती शिटेला!

ताई हसली नाही. डबी पार नाकाशी नेऊन बघत राहिली.

"मला अजून अळीच वाटतेय," ती हळूच म्हणाली.

मी ब्रश खाली ठेवला. "कधीपासून दिसत नाहीये तुला?"

"ऐंशीव्या चित्रापासून असेल. डॉक्टर म्हणतात, वर्षभरात उरलंसुरलंही जाईल. एकदा छापलेलं बघायचं होतं गं, म्हणून बोलले नाही."

ऐंशीव्यापासून तिने माझी एकही चूक काढली नव्हती. प्रत्येक चित्राला "झकास" म्हणाली होती, आणि मी मूर्ख, हात सुधारला म्हणून मनातल्या मनात फुशारत होते. साठ चित्रं कुणी तपासलेलीच नव्हती. चुकीची अळी छापली गेली असती, तीही तिच्या नावावर.

मी छापखान्याला फोन लावला. शुक्रवारी जमणार नाही, म्हणून सांगितलं. ताई तोंड झाकून रडायला लागली. मला तिचा इतका राग आला होता, की तिला जवळसुद्धा घेववेना.